लॅपटॉपवर चालते, प्लेयरवर चालत नाही: घरी राइट केलेल्या डिस्कचा दोष शोधायचा कसा

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट त्यांनी दुकानातून एमपी४ करून पेनड्राइव्हवर आणल्या. त्यात भावाची मुंज आहे, दोन लग्नं आहेत आणि आजोबांचं कीर्तन आहे. पहिल्या खेपेला त्यांनी लॅपटॉपला बाहेरचा डीव्हीडी रायटर जोडून या फाइल सरळ कोऱ्या डिस्कवर टाकल्या. त्यातली एक सोलापूरच्या मामांना दिली. त्यांचा प्लेयर थोडा वेळ डिस्क फिरवतो आणि ‘नो डिस्क’ दाखवतो. मग भाच्याने एका सॉफ्टवेअरमधून मेनूसकट डीव्हीडी करून दिल्या, आणि त्या व्हेरिफायही केल्या, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून पाहिलं. त्या पुण्याच्या मावशीकडे सुरू होतात, पण शेवटच्या अर्ध्या तासात चित्र अडकतं, चौकटी चौकटी दिसायला लागतात. त्याच डीव्हीडीचं चित्र न्यू जर्सीतल्या भावाकडे काळं-पांढरं होऊन वर सरकत राहतं. कीर्तनाची वेगळी सीडी केली, ती बाबांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमवर लागतच नाही. लॅपटॉपवर मात्र सगळं व्यवस्थित चालतं. तेव्हा खराब काय आहे, डिस्क की प्लेयर, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमच्याकडे चार ठिकाणी चार निरनिराळी कारणं आहेत, आणि त्यातल्या तीन कारणांचा डिस्कच्या दर्जाशी फारसा संबंध नाही. हे मला इथे बसून सांगता येतंय ते तुम्ही प्रत्येक ठिकाणी काय दिसलं ते लिहिलंत म्हणून. कॅसेटवरून डिस्क करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो. गिऱ्हाईक डिस्क घेऊन परत येतं तेव्हा बहुतेक वेळा नुसतं ‘लागत नाही’ एवढंच सांगतं. माझा पहिला प्रश्न असतो, प्लेयर नक्की काय करतो? नाकारताना तो कुठल्या टप्प्यावर थांबला, यावरून दोष कुठे शोधायचा ते ठरतं.

डिस्क आत गेली की प्लेयर आधी लेन्सने फोकस जुळवतो, डिस्क फिरवतो आणि सगळ्यात आतल्या कड्यावरची माहिती वाचतो. ही डिस्क कुठल्या प्रकारची, तिच्यावर मजकूर कुठून कुठपर्यंत, हे त्याला तिथे कळतं. ते वाचता आलं नाही तर ‘नो डिस्क’. वाचता आलं तर तो ओळखीचे फोल्डर शोधतो. ते सापडले नाहीत तर ‘अननोन डिस्क’, ‘कॅनॉट प्ले’ किंवा नुसती फाइलची यादी. फोल्डर सापडले की चित्र उलगडायला घेतो. इथे गडबड असेल तर रंग जातो, आवाज जातो किंवा चित्र अडकतं. संदेशाचे शब्द कंपनीगणिक वेगळे असतात, टप्पे सगळीकडे हेच.

लॅपटॉपवर चालते या गोष्टीला मात्र पुरावा मानू नका. कॉम्प्युटरला घाई नसते. एखादा भाग नीट वाचता आला नाही तर ड्राइव्ह वेग कमी करून तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. प्लेयरला चित्राच्या वेगाने पुढे जावंच लागतं, आणि त्याच्याकडे साठवून ठेवायला जागा अगदी थोडी असते. शिवाय कॉम्प्युटरला जवळपास सगळ्या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायच्या पद्धती, कळतात आणि व्हीएलसीसारखं सॉफ्टवेअर जवळपास कुठलीही फाइल चालवतं. टीव्हीखालच्या प्लेयरला कारखान्यात जेवढं शिकवलं तेवढंच येतं. त्यातून ज्या ड्राइव्हने डिस्क लिहिली तोच ती सगळ्यात चांगली वाचण्याची शक्यता असते. म्हणून राइट झालेली डिस्क मी नेहमी दुसऱ्याच एखाद्या ड्राइव्हवर आणि एका जुन्या, साध्या प्लेयरवर लावून पाहतो.

आता मामांची डिस्क. विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की एक चौकट उघडते आणि ही डिस्क कशी वापरायची आहे असं विचारते. तिथे दोन पर्याय असतात, ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ आणि ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेयर’. पहिला आधीच निवडलेला असतो आणि बहुतेक लोक तसेच पुढे जातात. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ही सोय आहे. या पद्धतीत डिस्कवर यूडीएफ या फाइल सिस्टिमची नवी आवृत्ती तयार होते आणि फाइल पेनड्राइव्हवर टाकाव्यात तशा तुकड्यातुकड्याने लिहिल्या जातात. डीव्हीडी प्लेयर बनले ते यूडीएफ १.०२ ही जुनी आवृत्ती धरून. त्यामुळे अशी डिस्क बऱ्याच प्लेयरना कळत नाही. तुम्ही फाइल ‘सरळ टाकल्या’ म्हणता, त्यावरून माझा अंदाज हाच आहे.

दुसरा पर्याय घेतला असता तर डिस्क जुन्या पद्धतीने लिहिली गेली असती, पण मामांना मुंज तरीही दिसली नसती. कारण त्या पर्यायानेसुद्धा डिस्कवर एमपी४ फाइलच जाते. साध्या डीव्हीडी प्लेयरला एमपी४ कळत नाही. त्याला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर लागतो, त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी या फाइल लागतात. चित्र एमपेग-२ पद्धतीचं आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ मापाचं, सेकंदाला २५ फ्रेम. आवाज एसी-३ किंवा पीसीएम. नंतरच्या काळातले काही प्लेयर डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड प्रकारच्या एव्हीआय फाइल चालवतात, काहींना यूएसबीचं तोंडही असतं. पण मोबाइलवर चालते तशी एमपी४ चालवणारा डीव्हीडी प्लेयर क्वचित भेटतो.

एमपी४पासून व्हिडिओ डीव्हीडी तयार करण्याच्या कामाला ऑथरिंग म्हणतात. त्यासाठी डीव्हीडीस्टायलर किंवा डीव्हीडी फ्लिक ही फुकट सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. झालेली डिस्क कॉम्प्युटरवर उघडून बघा. व्हिडिओ_टीएस फोल्डर दिसला, त्यात व्हीटीएस_०१_१ अशा नावांच्या व्हीओबी फाइल दिसल्या आणि त्यातली एकही १ जीबीहून मोठी नसली, तर रचना बरोबर आहे. एकच लांबलचक नावाची एमपी४ दिसली तर ती डिस्क टीव्हीसाठी नाही, कितीही चांगली राइट झालेली असो.

मामांचा प्लेयर कुठल्या सालचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. भाच्याने केलेली एखादी डीव्हीडी त्यांना पाठवा. ती लागली तर विषय संपला. तीही ‘नो डिस्क’ दाखवत असेल तर त्यांना आधी दुकानातून विकत आणलेली एखादी सिनेमाची ओरिजिनल डीव्हीडी लावून बघायला सांगा. ओरिजिनलही लागत नसेल तर दोष प्लेयरचा. लेन्सवर धूळ असते किंवा लेझर थकलेला असतो. ओरिजिनल लागते आणि घरची लागत नाही, असं असेल तर तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली म्हणजे डिस्क बंद केली आहे का. राइट करून झाल्यावर सुरुवातीला अनुक्रमणिका आणि शेवटी समाप्तीची खूण लिहावी लागते. याला फायनलाइझ किंवा क्लोज करणं म्हणतात. पुढे आणखी काही टाकता यावं म्हणून डिस्क उघडी ठेवली की कॉम्प्युटर ती वाचतो, प्लेयरला मात्र अनुक्रमणिका सापडत नाही. इमेजबर्न या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्क घालून रीड मोड उघडला की उजव्या बाजूला डिस्कची माहिती दिसते. तिथे स्टेटससमोर ‘कम्प्लीट’ असलं पाहिजे. हँडीकॅममध्ये भरलेल्या छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्क किंवा घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरच्या डिस्क असतील तर त्या शक्यतो ज्या यंत्रात भरल्या त्याच यंत्रात फायनलाइझ कराव्यात. यंत्र विकण्याआधी हे काम उरकून घ्या. मागाहून ते जिकिरीचं होतं.

दुसरी गोष्ट डिस्कचा प्रकार. एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या डीव्हीडी दोन प्रकारच्या, मायनस आर (DVD-R) आणि प्लस आर (DVD+R). डीव्हीडी मायनस आर पायोनियरने १९९७ साली आणली, प्लस आर २००२ साली बाजारात आली. त्यामुळे फार जुने प्लेयर मायनस आर सहज घेतात आणि प्लस आरला पाहून बिचकतात. प्लस आरमध्ये एक सोय आहे. राइट करतानाच तिच्या आतल्या कड्यावर ‘मी डीव्हीडी-रॉम, म्हणजे कारखान्यात छापलेली डिस्क आहे’ अशी नोंद करता येते. त्याला बुक टाइप बदलणं म्हणतात. इमेजबर्नमध्ये तो पर्याय आहे, फक्त तुमच्या रायटरला ते जमत असलं पाहिजे. मायनस आरमध्ये असं करता येत नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क टीव्हीसाठी वापरूच नका. कारखान्यात छापलेली एकपदरी डीव्हीडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला ४५ ते ८५ टक्के परत फेकते, आरडब्ल्यू १८ ते ३० टक्केच. थकलेल्या लेझरला तेवढ्यावर काही दिसत नाही. ८.५ जीबीच्या दुपदरी कोऱ्या डिस्कचंही तसंच. दोन तासांहून मोठं चित्रीकरण असेल तर दोन साध्या डिस्क करा.

तिसरी गोष्ट लेन्स. धूळ बसलेली लेन्स ओरिजिनल डिस्क कशीबशी वाचते आणि घरच्या डिस्कला नाही म्हणते. म्हणजे इथे प्लेयर आणि डिस्क दोघांचाही थोडा थोडा दोष. ब्रश लावलेली लेन्स क्लिनर डिस्क मी वापरत नाही. झाकण उघडून कापसाच्या काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, अगदी हलक्या हाताने पुसून घेणारा मेकॅनिक अजून बऱ्याच गावांत मिळतो.

मावशीची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथे रचना बरोबर आहे आणि तरी डिस्क दगा देते. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि वाचलीही जाते. सिनेमाची सुरुवात मधल्या भोकाजवळ असते आणि शेवट बाहेरच्या कडेला. शेवटच्या अर्ध्या तासात चित्र अडकतं याचा अर्थ गडबड बाहेरच्या कडेला आहे. ट्यूबलाइटखाली डिस्क उलटी धरून थोडी तिरपी करा. लिहिलेला भाग न लिहिलेल्या भागापेक्षा किंचित गडद दिसतो आणि जिथे लिखाण संपतं तिथे बारीक गोल रेघ दिसते. ती रेघ कडेला अगदी टेकली असेल, किंवा दिसतच नसेल, तर डिस्क काठोकाठ भरली आहे. कडेजवळ आणखी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे बोटांचे ठसे, कारण डिस्क धरताना बोटं तिथेच लागतात. दुसरं म्हणजे रंगात ढगासारखा फरक. ठसे पुसून जातात. मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल फिरवायचं नाही. ढग मात्र पुसून जात नाहीत, ते डिस्कवर रंगद्रव्याचा थर असमान बसल्याचं लक्षण असतं.

मग मावशीला एक प्रयोग करायला सांगा. प्लेयर गार असताना, सकाळी, डिस्क लावायची आणि मेनूतून थेट शेवटच्या चॅप्टरवर जायचं. तिथेही तशाच चौकटी दिसल्या तर लिखाण कच्चं आहे. थंड प्लेयरवर शेवट नीट चालला आणि दोन तास सलग चालवल्यावरच अडकला, तर कारण उष्णता आहे. उष्णता म्हटलं की मी आधी डिस्कची वरची बाजू बघतो. नाव छापलेला कागदी स्टिकर चिकटवला असेल तर तो तापल्यावर आकसतो, डिस्क जराशी वाकते आणि बाहेरच्या कडेला लेन्सचा फोकस सुटतो. स्टिकर जरा एका बाजूला सरकलेला असला तर डिस्क थरथरतही राहते. एकदा लग्नाच्या डिस्कचा एक अख्खा गठ्ठा माझ्याकडे परत आला होता. मंगलाष्टकं सगळ्यांकडे दिसत होती आणि वरात कुणाकडेच पूर्ण दिसत नव्हती. त्या घरच्यांनी हौसेने नवरानवरीचे फोटो असलेले गोल स्टिकर त्यावर लावले होते. त्याच फाइल, त्याच कंपनीच्या डिस्क, तोच वेग, फक्त स्टिकर न लावता दिल्यावर एकही तक्रार आली नाही. नाव लिहायचं तर डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने लिहा. फोटो हवाच असेल तर प्रिंटेबल डिस्क मिळतात, त्यांच्यावर प्रिंटर थेट छापतो. लावलेला स्टिकर ओढून काढायला मात्र जाऊ नका.

स्टिकर नसेल तर संशय वेगावर. १६ पटीची कोरी डिस्क १६ पटीने राइट केली की शेवटच्या भागात ड्राइव्ह पूर्ण वेगात असतो आणि नेमकं तिथलं लिखाण फिस्कटतं. मी १६ पटीच्या डिस्क ८ पटीने लिहितो. लॅपटॉपला लावायच्या पातळ रायटरचा कमाल वेग साधारण ८ असतो, तिथे ४ निवडावा. वेग जितका कमी तितकं चांगलं, असंही समजू नका. हल्लीच्या डिस्कवरचं रंगद्रव्य वरच्या वेगांसाठी केलेलं असतं आणि एकपटीने लिहायला गेलं की कधी कधी उलट चुका वाढतात. मधला वेग बरा. पातळ रायटर लॅपटॉपच्या यूएसबीला थेट लावा, हबमधून नको, कारण लिहिताना त्याला वीज जास्त लागते आणि ती कमी पडली की डिस्क वाया जाते.

दुसरा संशय बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाचायची त्यावर. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राला ९.८ मेगाबिटची मुभा आहे, पण घरी राइट केलेली डिस्क त्या टोकाला नेली की जुना प्लेयर धापा टाकायला लागतो. मी ७ च्या वर जात नाही. हिशोब सोपा आहे. ४.७ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४.३८ दिसते, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, कुणी फसवलेलं नाही. दोन तासांचं चित्रीकरण तिच्यावर बसवायचं तर आवाजासकट सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट मिळतात. कडा मोकळी ठेवायची म्हणून मी चित्राला ४.६ ते ४.८ देतो आणि आवाजाला एसी-३ मध्ये १९२ किलोबिट. एका तासाचं असेल तर जागा भरपूर उरते, पण म्हणून बिटरेट चढवायचा नाही, ७ वर थांबायचं. तीन तासांची अख्खी कॅसेट एकाच डिस्कवर हवी असेल तर चित्राचं माप ३५२ बाय ५७६ करा. हे माप डीव्हीडीच्या नियमात बसतं, आणि व्हीएचएसच्या चित्रात आडव्या दिशेला मुळातच तेवढा बारकावा नसतो, त्यामुळे डोळ्याला काही हरवल्यासारखं वाटत नाही. उलट कमी बिटरेटमध्ये ७२० माप हट्टाने ठेवलं तर हळदीकुंकवाच्या गर्दीत सगळ्या साड्यांच्या चौकटी होतात.

भाच्याने व्हेरिफाय केलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. व्हेरिफाय करावंच, पण त्याने एवढंच कळतं की त्याच ड्राइव्हला सगळं वाचता आलं. किती ओढाताण करून वाचता आलं ते कळत नाही. त्यासाठी नीरो डिस्कस्पीडसारख्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या ड्राइव्हवर वाचनाच्या वेगाचा आलेख काढून बघा. रेघ आतून बाहेर सरळ चढत गेली तर उत्तम. शेवटाकडे खड्डे पडले असतील तर मावशीचा प्लेयर तिथेच अडकत असणार.

भावाच्या डिस्कमध्ये काही बिघाड नाही. भारतात डीव्हीडीची पद्धत पाल, अमेरिकेत एनटीएससी. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि ५७६ ओळी, एनटीएससीत २९.९७ फ्रेम आणि ४८० ओळी. आपल्याकडे विकले जाणारे प्लेयर आणि टीव्ही बहुधा दोन्ही चालवतात. अमेरिकेत विकलेले पुष्कळ प्लेयर पालचं रूपांतर करत नाहीत. ते डिस्क सरळ नाकारतात, नाहीतर तुमच्या भावाला दिसलं तसं रंग गेलेलं, सरकणारं चित्र देतात. अनेकांना हा रीजन कोडचा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालावी या बंधनाचा प्रकार वाटतो. भारत रीजन ५, अमेरिका रीजन १, हे खरं आहे, पण घरी केलेल्या डिस्कवर सहसा रीजनचं बंधन नसतंच. सॉफ्टवेअरमध्ये ते ‘ऑल’ आहे एवढं पाहून घ्या.

भावासाठी त्याच एमपी४पासून एनटीएससी निवडून वेगळी डिस्क करा. हालचाल किंचित अडखळती वाटेल, कारण २५ च्या २९.९७ फ्रेम करताना काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. आवाज एसी-३ च ठेवा. एमपेग आवाजाची पालमध्ये सवलत आहे, तिकडच्या प्लेयरवर तो मुका होऊ शकतो. तुमच्या भावाच्या टीव्हीला यूएसबी असेल तर मी डिस्कच्या भानगडीत न पडता एमपी४ पेनड्राइव्हवर पाठवीन. पेनड्राइव्हवरची २५ फ्रेमची फाइल तिकडचे बहुतेक टीव्ही चालवतात, आणि नाहीच चालली तर त्याच्याकडे कॉम्प्युटर आहेच.

राहिली बाबांची सीडी. तुम्ही एमपी३ फाइल सीडीवर टाकल्या असणार. जुन्या म्युझिक सिस्टिमला एमपी३ म्हणजे काय ते माहीत नाही. तिला ऑडिओ सीडी हवी. विंडोज मीडिया प्लेयरच्या बर्न टॅबमध्ये डेटा सीडी आणि ऑडिओ सीडी असे वेगळे पर्याय आहेत, त्यातला ऑडिओ निवडा. मग एमपी३ उलगडून ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट असा आवाज लिहिला जातो. त्यामुळे जागा भराभर संपते. एमपी३ म्हणून जिथे १२८ च्या दर्जाचं बारा तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण मावतं, त्याच ७०० एमबीच्या सीडीवर ऑडिओ म्हणून ८० मिनिटंच बसतात. कीर्तन दोन तासांचं असेल तर पूर्वरंग एका सीडीवर आणि उत्तररंग दुसरीवर घ्या, तिथे तोडणं ऐकणाऱ्याला खटकत नाही. मधे ट्रॅक पाडणार असाल तर अख्खी सीडी एका दमात लिहिणारी ‘डिस्क ॲट वन्स’ पद्धत निवडा आणि दोन ट्रॅकमधलं अंतर शून्य ठेवा. ‘ट्रॅक ॲट वन्स’ने राइट केलं तर प्रत्येक ट्रॅकनंतर दोन सेकंद शांतता येते आणि गजर मधेच तुटतो.

डिस्क सीडी-आर घ्या, सीडी-आरडब्ल्यू नको. ओरिजिनल सीडी ७० टक्के किंवा जास्त प्रकाश परत फेकते आणि सीडी-आर तिच्या जवळपास पोचते. आरडब्ल्यू १५ ते २५ टक्क्यांवर थांबते आणि जुन्या सिस्टिमला ती दिसतच नाही. सीडी हाताळताना वरच्या, नाव लिहायच्या बाजूला खालच्या बाजूपेक्षा जास्त जपा. डीव्हीडीत लिखाणाचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो. सीडीत तो वरच्या पातळ लाखेच्या लगेच खाली असतो, बॉलपेनने जोरात नाव लिहिलं तरी तो फाटतो. आणि हीच सीडी फार जुन्या डीव्हीडी प्लेयरवर लागली नाही तर नवल मानू नका. सीडी-आरचं रंगद्रव्य सीडीच्या ७८० नॅनोमीटरच्या लेझरसाठी केलेलं आहे, डीव्हीडीच्या ६५० च्या लाल लेझरला ते नीट दिसत नाही. सुरुवातीच्या काही प्लेयरमध्ये एकच लेझर होता.

तेव्हा आता या क्रमाने जा. मामांना भाच्याने केलेली मायनस आर डीव्हीडी पाठवा. मावशीची डिस्क कडा मोकळी ठेवून, मधल्या वेगाने, स्टिकर न लावता नव्याने राइट करा. भावाला पेनड्राइव्ह, नाहीतर एनटीएससी डिस्क. बाबांना दोन ऑडिओ सीडी. प्रत्येकाच्या चार-चार प्रती एकदम काढू नका. एक काढा, ती ज्याच्या त्याच्या प्लेयरवर शेवटपर्यंत चालवून घ्या, मगच पुढच्या प्रती.

दुकानातून आणलेल्या एमपी४ फाइल मात्र दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नका. घरी राइट केलेल्या डिस्कवरचं रंगद्रव्य उन्हाने आणि दमटपणाने उतरतं. आज नीट लागणारी डिस्क आणखी काही वर्षांनी लागेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आजोबांचं कीर्तन पुन्हा चित्रित होणार नाही, डिस्क मात्र हवी तेव्हा पुन्हा करता येते.

इतकं करूनही मामांचा प्लेयर अडला तर तीन गोष्टी कळवा. प्लेयरच्या मागच्या पट्टीवरचं मॉडेल, कोऱ्या डिस्कच्या मधल्या भागात छापलेला प्रकार आणि वेग, आणि डिस्क आत गेल्यापासून ‘नो डिस्क’ येईपर्यंत कानाला काय ऐकू येतं. डिस्क फिरल्याचा आवाज येऊन थांबतो की नुसती लेन्स वरखाली होऊन टिकटिक करते, हेही लिहा. नुसती टिकटिक असेल तर फोकसच जुळत नाही असं समजा, आणि मग नवीन डिस्क राइट करण्याआधी प्लेयर मेकॅनिककडे न्यायला सांगा.